इंग्रजी वाक्प्रचार : खान्देशातील विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मराठी माध्यमातून शिकलेले अनेक विद्यार्थी महाविद्यालयात, स्पर्धा परीक्षेत किंवा पुण्या-मुंबईच्या नोकरीत प्रथमच बोलत्या इंग्रजीला सामोरे जातात. व्याकरण बऱ्यापैकी येत असते आणि शब्दसंग्रहही कामापुरता असतो, पण वाक्प्रचार समोर आला की सगळे अडते. अशा विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

वाक्प्रचार आणि म्हण यांत फरक काय? परीक्षेच्या पुस्तकांत दोन्ही एकाच यादीत का असतात?

मराठी शाळेत शिकलेला भेद इंग्रजीतही जवळजवळ तसाच लागू होतो. वाक्प्रचार हा वाक्याचा एक भाग असतो आणि कर्ता, काळ व वचन यांनुसार त्याचे रूप बदलते. म्हण मात्र स्वतःच पूर्ण वाक्य असते आणि बहुधा काही उपदेश किंवा अनुभव सांगते. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग', म्हणजे गुपित फोडणे, हा वाक्प्रचार आहे. 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन', म्हणजे वेळीच घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो, ही म्हण आहे. पुस्तके सोयीसाठी दोन्ही एकत्र छापतात आणि त्यांतच 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' यांसारखी क्रियापदांची जोडरूपेही मिसळतात. या जोडरूपांचे महत्त्व फार मोठे आहे. रोजच्या इंग्रजीत ती पावलोपावली येतात, आणि ज्याला ती नीट येत नाहीत त्याने मांजर पिशवीतून बाहेर काढण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाक्यातील प्रत्येक शब्द कळतो, तरी अर्थ लागत नाही. असे का होते?

वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांची बेरीज करून मिळत नाही, तो पूर्ण शब्दसमूहाला मिळून चिकटलेला असतो. मराठीत 'मूग गिळणे' याचा मुगाशी किंवा गिळण्याशी काही संबंध नाही हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही, कारण तो प्रयोग आपण लहानपणापासून प्रसंगासह ऐकलेला असतो. इंग्रजी वाक्प्रचार मात्र आपल्याला बहुधा यादीतून, प्रसंगाविना भेटतो. वाचताना एखादे वाक्य शब्दशः घेतले असता हास्यास्पद किंवा विषयाशी पूर्णपणे विसंगत वाटले, उदाहरणार्थ बँकेच्या व्यवहाराच्या बातमीत अचानक हत्ती आला, तर तेथे वाक्प्रचार आहे असे समजावे आणि मागचीपुढची दोन वाक्ये पुन्हा वाचावीत. 'व्हाइट एलिफंट' म्हणजे पोसण्याचा खर्च भारी आणि उपयोग काहीच नाही अशी वस्तू किंवा योजना, हे बहुतेक वेळा त्या दोन वाक्यांवरूनच कळून येते. हाच 'पांढरा हत्ती' मराठी वर्तमानपत्रांनीही केव्हाच आपलासा केला आहे.

मराठी वाक्प्रचाराचे शब्दशः इंग्रजी केले तर चालते का?

कधी चालते, कधी अर्थ लागत नाही, आणि कधी भलताच अर्थ लागतो. तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

चालते त्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आगीत तेल ओतणे याला इंग्रजीत 'ॲड फ्युएल टू द फायर' आहे, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणे याला 'पोक वन्स नोज' आहे, आणि जखमेवर मीठ चोळणे हे इंग्रजीतही मिठानेच चोळले जाते. चहाच्या पेल्यातील वादळ आणि हिमनगाचे टोक हे प्रयोग तर इंग्रजीतूनच भाषांतरित होऊन आपल्याकडे आले. तापीच्या खोऱ्यात हिमनग कोणी पाहिलेला नाही, तरी अग्रलेखात तो नेमाने तरंगत असतो.

अर्थच लागत नाही त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे 'डोके खाऊ नकोस'. 'डोन्ट ईट माय हेड' हे भारतात सर्वांना समजते, पण लंडनचा किंवा सिडनीचा माणूस गोंधळतो. तेथे 'स्टॉप पेस्टरिंग मी' असे साधे वाक्य वापरावे. 'तोंडाला पाने पुसणे' किंवा 'बोलाचीच कढी' यांना नेमका इंग्रजी वाक्प्रचार शोधत बसण्यापेक्षा आशय सरळ सांगणे केव्हाही चांगले.

आता तिसरा प्रकार पाहू. मराठीत कोणाचे पाय ओढणे म्हणजे त्याची प्रगती सहन न होऊन त्याला खाली खेचणे. इंग्रजीत 'पुल समवन्स लेग' म्हणजे निव्वळ थट्टा करणे, खोटेच काहीतरी सांगून गंमत करणे. कार्यालयातील एखादा सहकारी 'आय वॉज ओन्ली पुलिंग युअर लेग' असे म्हणाला, तर तो आपल्या बढतीच्या आड आल्याची कबुली देत नसून 'गंमत केली हो' एवढेच सांगत असतो. हातांच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे. 'वॉश वन्स हँड्स ऑफ समथिंग' म्हणजे एखाद्या गोष्टीची जबाबदारी झटकणे, तिच्याशी संबंध तोडणे. हा प्रयोग बायबलमधील रोमन सुभेदार पाँटियस पायलेटच्या प्रसंगातून आला आहे, ज्यात तो लोकांसमोर हात धुऊन येशूच्या मृत्यूची जबाबदारी नाकारतो. मराठीत मात्र हात धुऊन मागे लागणे म्हणजे पिच्छा न सोडणे, आणि वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे म्हणजे संधी साधणे. एकाच क्रियेला तीन दिशा आहेत आणि इंग्रजीची दिशा आपल्या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. आपल्या 'हात झटकणे' याच्याशी तिचे जुळते.

काही जोड्या वरवर सारख्या दिसतात पण छटेत फसवतात. परीक्षेआधी 'पोटात गोळा येणे' यात भीती असते. इंग्रजीत पोटात फुलपाखरे उडतात, म्हणजे 'बटरफ्लाइज इन द स्टमक', आणि त्यात धाकधुकीबरोबर उत्सुकताही असू शकते, म्हणून ती फुलपाखरे रंगमंचावर जाणाऱ्या नटाच्या किंवा लग्नाला उभ्या राहिलेल्या नवरीच्या पोटातही चालतात. 'हातपाय गार पडणे' हे अचानक बसलेल्या धक्क्याचे वर्णन आहे. 'गेट कोल्ड फीट' म्हणजे ठरवलेल्या गोष्टीची वेळ जवळ आल्यावर धीर सुटून माघार घ्यावीशी वाटणे.

इंग्रजीत 'वॉर्म' चांगले आणि 'कोल्ड' वाईट का?

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे राहणाऱ्याला हा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्या भाषेत जीव गार होतो, डोळे निवतात, आणि आशीर्वादही 'पोटी थंडावा' देणारा असतो. इंग्रजी ही थंड, ओलसर बेटावर वाढलेली भाषा असल्यामुळे तिच्यात ऊब म्हणजे आपुलकी आणि गारठा म्हणजे दुरावा असे समीकरण बसले आहे. त्यामुळे 'वॉर्म वेलकम' म्हणजे मनापासूनचे स्वागत, 'कोल्ड शोल्डर' म्हणजे मुद्दाम दुर्लक्ष करणे, आणि 'कोल्ड कम्फर्ट' म्हणजे ज्याने काहीच दिलासा मिळत नाही असे सांत्वन. हे एकदा लक्षात ठेवले की अपरिचित वाक्प्रचाराचा कलही पुष्कळदा ओळखता येतो. मात्र 'हॉट' शब्दाला हा नियम लावू नये, कारण 'इन हॉट वॉटर' म्हणजे अडचणीत सापडलेला.

प्राण्यांच्या बाबतीतही असेच सांभाळावे लागते. घुबड आपल्याकडे अशुभ मानले जाते, इंग्रजीत ते शहाणपणाचे प्रतीक आहे. 'यू लकी डॉग' असे कोणी म्हटले तर राग मानू नये. तो नशिबाचा हेवा आहे, आणि तोही प्रेमाने केलेला.

इंग्रज खरोखरच मुसळधार पावसाला 'कॅट्स अँड डॉग्ज' म्हणतात का?

हा वाक्प्रचार सर्वांना माहीत आहे, पण आज बोलताना फारसा वापरला जात नाही. तो जुनाट वाटतो, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या तोंडीच अधिक ऐकू येतो असा विनोद इंग्रजीचे शिक्षकही करतात. 'इट्स पोअरिंग' म्हटले की काम होते. आजच्या रूपातील हा प्रयोग जोनाथन स्विफ्टच्या १७३८ साली छापलेल्या लेखनात सापडतो आणि त्याच्याशी मिळतीजुळती रूपे सतराव्या शतकातही आढळतात, पण मांजरे-कुत्रीच का, याचे खात्रीलायक उत्तर उपलब्ध नाही. पूर्वी गवती छपरावर झोपलेली जनावरे पावसात घसरून खाली पडत, ही गोष्ट इंटरनेटवर सर्वत्र आढळते. अभ्यासक ती मानत नाहीत. गवताने शाकारलेले घर ज्याने पाहिले आहे त्यालाही पटणार नाही की पावसात जनावर छपराच्या वर जाऊन झोपेल.

मग वाक्प्रचारांमागच्या इतर गोष्टी तरी खऱ्या असतात का?

काही असतात, पुष्कळ नसतात. लक्षात ठेवण्यासाठी गोष्ट उपयोगी पडते एवढ्यापुरती ती वापरावी, निबंधात ठाम इतिहास म्हणून लिहू नये.

'बाइट द बुलेट', म्हणजे टाळता न येणारी अप्रिय गोष्ट धीराने स्वीकारणे, याच्याबद्दल सांगितले जाते की भूल देण्याची सोय नव्हती तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी सैनिकाच्या दातांत गोळी दिली जाई. फ्रान्सिस ग्रोस याच्या १७९६ सालच्या बोलीभाषेच्या कोशात मात्र निराळा प्रसंग आहे : चाबकाचे फटके खाताना ओरडणे काही पलटणींत कमीपणाचे मानले जाई, म्हणून सैनिक गोळी चावत. आपल्याकडे काही जण हा वाक्प्रचार १८५७ च्या काडतुसांशी जोडतात. काडतूस दातांनी तोडण्याचा तो प्रकार वेगळा आणि १७९६ ची नोंद त्याच्या साठ वर्षे आधीची आहे, त्यामुळे हे जोडणे टिकत नाही.

'टर्न अ ब्लाइंड आय', म्हणजे कानाडोळा करणे, याची गोष्ट ॲडमिरल नेल्सनची आहे. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा आला तेव्हा त्याने दुर्बीण आपल्या निकामी डोळ्याला लावली आणि 'मला काही इशारा दिसत नाही' असे म्हटले, असे सांगतात. नेल्सनचा एक डोळा निकामी होता आणि त्याने इशारा मानला नाही हे खरे आहे, बाकी प्रसंगाला सांगणाऱ्यांनी थोडा रंग चढवला असणे शक्य आहे.

'वन्स इन अ ब्लू मून', म्हणजे अगदी क्वचित, याबाबतीत तर चूकच रूढ झाली. एकाच इंग्रजी महिन्यात दुसऱ्यांदा येणाऱ्या पौर्णिमेला 'ब्लू मून' म्हणतात हा समज १९४६ साली एका अमेरिकी खगोल मासिकातील लेखकाने जुन्या पंचांगाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे पसरला. वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होता. गंमत अशी की अशी दुसरी पौर्णिमा एकोणीस वर्षांत साधारण सात वेळा येते आणि आपला अधिक महिनाही तितक्याच वेळा येतो, कारण दोन्हींच्या मुळाशी चंद्र आणि सूर्य यांच्या गणनेतील तोच फरक आहे. आपण मात्र त्या जादा महिन्याचा संबंध क्वचितपणाशी जोडला नाही, दुष्काळात तेरावा महिना म्हणून संकटाशी जोडला.

वाक्प्रचार समजण्यासाठी शेक्सपियर आणि बायबल वाचावे लागते का?

त्याची आवश्यकता नाही, पण मूळ माहीत असले की काही वाक्प्रचार विसरत नाहीत. मत्सराला 'ग्रीन-आइड मॉन्स्टर' हे नाव 'ऑथेल्लो' नाटकातून रूढ झाले, आणि 'वाइल्ड गूज चेस', म्हणजे व्यर्थ धावाधाव, हा प्रयोग 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये येतो. 'द रायटिंग ऑन द वॉल', म्हणजे येऊ घातलेल्या संकटाची स्पष्ट चिन्हे, ही बायबलमधील डॅनिएलच्या ग्रंथातील गोष्ट आहे. १६११ साली राजा जेम्सच्या आश्रयाने झालेले बायबलचे भाषांतर इंग्लंडमध्ये शतकानुशतके घरोघरी आणि चर्चमध्ये वाचले गेले, त्यामुळे असे शब्दप्रयोग न शिकलेल्यांच्याही बोलण्यात उतरले. आंबट द्राक्षांचा कोल्हा तर इसापाचा. तो दोन्ही भाषांत एकच आहे.

क्रिकेटवरून आलेले वाक्प्रचार आपल्याला सोपे जातात. ते सगळीकडे वापरता येतात का?

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि भारतात येतात. 'ऑन अ स्टिकी विकेट', म्हणजे अवघड परिस्थितीत, हे पूर्वी झाकल्या न जाणाऱ्या आणि पावसानंतर वाळत असताना चेंडू वेडावाकडा उसळवणाऱ्या खेळपट्टीवरून आले, आणि 'ऑन द बॅक फूट' म्हणजे बचावाच्या पवित्र्यात. अमेरिकी ग्राहकाशी बोलताना मात्र ते टाळावेत, कारण तेथे बेसबॉलची भाषा चालते : 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, 'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क साधणे. माहिती-तंत्रज्ञान कंपनीत लागलेल्या आपल्या मुलामुलींच्या कानावर हे दोन पहिल्याच आठवड्यात पडतात.

वाक्प्रचारातील शब्द बदलले तर चालतात का?

क्रियापदाचा काळ आणि 'माय', 'हिज', 'युअर' यांसारखी रूपे प्रसंगानुसार बदलावीच लागतात : 'शी बिट द बुलेट', 'ही इज पुलिंग युअर लेग'. बाकीचे शब्द, त्यांचा क्रम, वचन आणि 'अ' किंवा 'द' हे शक्यतो जसेच्या तसे ठेवावेत. 'कोल्ड फीट' नेहमी अनेकवचनी आणि 'कोल्ड शोल्डर' नेहमी एकवचनी असते. थट्टा कितीही मोठी असली तरी ओढला जातो तो एकच पाय. मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे नसल्यामुळे आपल्याकडून सर्वाधिक चुका तेथेच होतात, आणि 'इट वॉज अ पीस ऑफ केक', म्हणजे ते अगदी सोपे होते, याऐवजी 'इट वॉज पीस ऑफ केक' असे बोलले जाते. कर्मणी प्रयोगाबद्दल एकच नियम सांगता येत नाही. 'द बीन्स वेअर स्पिल्ड' म्हटले तरी गुपित फुटल्याचा अर्थ राहतो, पण 'किक द बकेट', म्हणजे मरणे, याचे 'द बकेट वॉज किक्ड' केले की मृत्यूचा अर्थ नाहीसा होतो आणि खरोखरच्या बादलीला लाथ बसते.

कोणता वाक्प्रचार कोठे वापरू नये हे कसे ओळखावे?

बादलीचेच उदाहरण पुढे नेऊ. मराठीत माणूस निधन पावतो, निवर्ततो, वारतो, खपतो आणि गचकतो. या पाचही क्रियापदांचा अर्थ एकच असला तरी शोकसभेत 'गचकले' म्हणणारा माणूस पुन्हा बोलावला जाणार नाही. 'किक द बकेट' हे गचकण्याच्या पातळीवरचे आहे. सांत्वनाच्या पत्रात 'पास्ड अवे' लिहावे. यादीवजा पुस्तकांत 'किक द बकेट : मरणे' एवढेच छापलेले असते, आणि ती पुस्तके वापरण्यातला खरा धोका हाच आहे. चांगल्या कोशात प्रत्येक वाक्प्रचारापुढे तो अनौपचारिक, जुना किंवा अपमानकारक आहे का याची खूण असते, तिच्याकडे अर्थाइतकेच लक्ष द्यावे. अर्ज, तक्रार आणि अहवाल यांत वाक्प्रचार नसले तर काहीही बिघडत नाही.

'डू द नीडफुल' चूक आहे का?

चूक नाही. 'आवश्यक ते करावे' अशा अर्थाचा हा ब्रिटिशांच्याच कार्यालयीन इंग्रजीतील जुना प्रयोग आहे. त्यांनी तो जवळजवळ सोडला आणि आपण जपला. 'आउट ऑफ स्टेशन', म्हणजे बाहेरगावी, याचेही असेच. तहसील कार्यालयात किंवा भारतीय बँकेत तो खुशाल लिहावा, परदेशी पत्रव्यवहारात मात्र नेमके काय करायला हवे ते सांगावे.

घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलली जाते. त्यामुळे अडचण येते का?

येत नाही. उलट आजीशी एक भाषा आणि गुरुजींशी दुसरी बोलण्याची सवय असलेल्या मुलाला, कोणता शब्द कोठे शोभतो ही जाण आधीच असते.

स्पर्धा परीक्षा आणि आयईएलटीएस (परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा) यांसाठी तयारी कशी करावी?

राज्य लोकसेवा आयोग आणि कर्मचारी निवड आयोग यांच्या इंग्रजी विभागात अर्थ ओळखण्याचे प्रश्न येतात, म्हणजे तेथे वापरता येण्यापेक्षा ओळखता येणे पुरेसे असते. पर्यायांत बहुधा एक शब्दशः अर्थ मुद्दाम ठेवलेला असतो, तो प्रथम वगळावा. मागील प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, कारण तेच वाक्प्रचार पुन्हा येतात. आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत वरच्या गुणांसाठी वाक्प्रचारयुक्त शब्दसंग्रहाचा विचार होतो हे खरे आहे. त्याचा अर्थ प्रत्येक उत्तरात एक वाक्प्रचार कोंबावा असा लावणारे विद्यार्थी गुण घालवतात. निबंधलेखनात तर फारच जपून वापरावेत.

किती वाक्प्रचार पाठ करावेत आणि कोणता कोश वापरावा?

पाठ करण्यासाठी संख्या ठरवू नये. वाचनात किंवा बातम्यांत एखादा वाक्प्रचार दोन वेगवेगळ्या ठिकाणी भेटला की तो वहीत घ्यावा, ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य लिहावे, आणि खाली आपल्या रोजच्या जगातले एक वाक्य तयार करावे : रावेरच्या केळीच्या भावाबद्दल, चाळीसगावला चुकलेल्या गाडीबद्दल, काहीही चालेल. केवळ मराठी अर्थ लिहून ठेवलेली वही परीक्षेनंतर उपयोगी पडत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात. मराठी वाक्प्रचाराचा इंग्रजी आशय हवा असेल तर मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश अजूनही उपयोगी आहे आणि तोही इंटरनेटवर आहे, फक्त त्यातील इंग्रजी एकोणिसाव्या शतकातले आहे हे विसरून ते मुलाखतीत वापरू नये.

मुलाखतीत समोरच्याने माहीत नसलेला वाक्प्रचार वापरला तर काय करावे?

मान डोलावून पुढे जाऊ नये, कारण पुढचा प्रश्न बहुधा त्यावरच असतो. संदर्भावरून अंदाज बांधता येत असेल तर तो साध्या शब्दांत परत विचारावा : 'डू यू मीन दॅट द वर्क इज डिफिकल्ट?' अंदाज बांधता येत नसेल तर 'सॉरी, आय हॅवन्ट हर्ड दॅट एक्स्प्रेशन बिफोर. कुड यू एक्स्प्लेन इट?' असे विचारावे. हे वाक्य वापरण्यात कमीपणा नाही. ब्रिटिश आणि अमेरिकी माणसेही एकमेकांना ते विचारतात.